पिंपावरचं ठिबक: फेब्रुवारी ते जूनच्या वापरानंतर

वापर कुठे ते आधी सांगतो. जुळे सोलापुरातलं अंगण, नळाला पाणी चार दिवसांआड. जमिनीत सहा झाडं (दोन वर्षांचं लिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी, मोगरा, पारिजातक) आणि बारा कुंड्या. जमिनीतल्या झाडांना दोन-दोन ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं), कुंडीला एक, असे २४ ड्रिपर. पाणी २०० लिटरच्या पिंपातून, मोटार नाही.

हिशेब एवढाच की पाइपने २० लिटरची बादली साधारण दोन मिनिटांत भरते. म्हणजे वीस मिनिटं पाइप धरून अंगण भिजवलं की २०० लिटर गेले. तेवढंच पाणी ठिबकवर चार दिवस पुरतं.

बाजारात तयार किट मिळतात, पण ते बहुतेक नळाच्या दाबासाठी बनवलेले. पिंपाला जोडले की रडतात. पाण्याची उंची १० मीटर असेल तेव्हा कुठे एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. तीन फुटी लोखंडी स्टँडवर ठेवलेलं पिंप काठोकाठ भरलं तरी पाण्याची उंची जमिनीपासून पावणेदोन मीटरच भरते. ड्रिपरची धार दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होते, म्हणून ताशी ४ लिटरचा साधा ड्रिपर इथे ताशी दीड लिटरच्या आसपासच देतो. किटमधले 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' (दाब कमी-जास्त झाला तरी धार सारखी ठेवणारे) ड्रिपर एवढ्या कमी दाबाला धड चालतच नाहीत. काही झाडं कोरडी, काही चिखलात, असं दिसलं की पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा.

त्यापेक्षा शेतीच्या ठिबकचं सामान सुटं घ्यावं. डाळिंब-द्राक्षांच्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. १६ मिमी लॅटरल (मुख्य काळी नळी), टेक-ऑफ आणि ग्रोमेट (नळी जोडायचा तुकडा आणि त्याचं रबर), ४ मिमी मायक्रोट्यूब (झाडापर्यंत नेणारी बारीक नळी), टी (तीन तोंडांचा जोड), एंड कॅप (नळीच्या शेवटचं बूच), पंच (नळीला भोक पाडायचं हत्यार), १२० मेशची म्हणजे बारीक जाळीची गाळणी आणि ४ लिटरचे उघडता येणारे ड्रिपर. ड्रिपर उघडता येणारेच हवेत. कारण पुढे येतंच.

पिंप जुनं घेताना झाकण काढून वास घ्या. रंगकाम किंवा रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी नको, खाद्यपदार्थाचंच बघा. भरलं की २०० किलोंच्या वर वजन होतं, त्यामुळे स्टँडखाली फरशी पक्की आणि समपातळीत हवी. तोटी बुडापासून दोन इंच वर बसवा. दहा-बारा लिटर पाणी खाली अडकतं खरं, पण गाळही तिथेच राहतो. निळ्या पिंपात उजेड शिरून शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळावं. झाकण घट्ट आणि वर जाळीचं कापड, नाहीतर डेंग्यूच्या डासांना आयतं घर मिळतं. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासलं की अळीची साखळी तुटते.

वेळ रोज सारखी ठेवली तर फसगत होते. पिंप भरलेलं असताना २४ ड्रिपर मिळून ताशी चाळीसेक लिटर सोडतात, तळ दिसू लागला की तीसच्या खाली येतात. म्हणून पहिल्या दिवशी सव्वा तास, चौथ्या दिवशी पावणेदोन तास. पाणी पहाटे सोडावं. एप्रिलमध्ये दुपारी काळ्या नळीतलं पाणी हाताला चटका देतं आणि संध्याकाळी तोटी उघडली की पहिलं तेच मुळाशी जातं. बॅटरीचा टायमर लावायचा तर आत बॉल व्हॉल्व्ह (मोटरने फिरणारी गोळीची तोटी) आहे का विचारून घ्या. सोलेनॉइडवाल्याला (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) उघडायलाच दाब लागतो, पिंपावर तो ढिम्म हलत नाही.

सगळ्यात जास्त त्रास क्षाराचा. बोअरचं पाणी पिंपात टाकलं की काही आठवड्यांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून उघडलेले ड्रिपर त्यात दोन तास बुडवले की थर सुटतो. टाचणीने टोकरू नये, भोक मोठं होऊन त्या एकाच झाडाला जास्त पाणी जातं. नळी पायरीवरून उचलून नेली तर चढावर हवा अडकते आणि पुढचं सगळं बंद पडतं. एंड कॅप काढून पाणी वाहू दिलं की हवा निघते. पण नळी उतारानेच न्यावी हे बरं. भर उन्हात नळी मऊ पडून जोड सुटतात, आणि पाण्यासाठी खारुताया मायक्रोट्यूब कुरतडतात. त्यांच्यासाठी बाजूला एक परळ भरून ठेवला तर कुरतडणं बरंच कमी होतं.

नुसत्या ठिबकने भागत नाही. काळी माती भेगाळली की ड्रिपरचं पाणी सरळ भेगेतून खाली उतरतं. आधी भेगा मातीने बुजवून वर तीन इंच उसाचं पाचट पसरावं. बुंध्यापासून चार बोटं आणि भिंतीपासून हातभर लांब, कारण पाचटाला वाळवी लागते. घर भरावाच्या मुरुमावर असेल तर पाणी आडवं पसरत नाही, तिथे दोनाऐवजी तीन ड्रिपर.

घरातलं वाया जाणारं पाणी सरसकट पिंपात ओतू नये. वॉशिंग मशीनच्या पाण्यातल्या धाग्यांनी गाळणी चोंदते. शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीने मोठ्या झाडाला चालतं. कूलरच्या तळाचं आणि आरओचं सोडलेलं पाणी क्षाराने दाट, ते कुंडीला नको, फरशीला वापरा. एसीचं पाणी मात्र जवळजवळ बिनक्षाराचं, ते खुशाल पिंपात जाऊ द्या.

हे मोठ्या आंब्या-नारळाला पुरणार नाही, आणि लॉन असेल तर विसराच. जोडणी गड्डा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) उठला की लगेच करावी. मार्चमध्ये ऊन तापल्यावर नळी पसरायला बसलं तर अर्धे जोड ढिले बसतात. मृगाचा पाऊस लागला की कॅप काढून नळ्या धुवायच्या, वेटोळं करून सावलीत टांगायचं आणि पिंप पालथं घालायचं.