मटण स्ट्रीटवरची जुनी घड्याळे : मशीन खरे, तबकडी नवी

मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानातून मी गेल्या वर्षभरात दोन जुनी मनगटी घड्याळे घेतली. पहिले एचएमटीचे 'जनता', १,२०० रुपयांना. दुसरे फेवर ल्युबाचे 'सी किंग', ४,५०० रुपयांना. पहिल्याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे, दुसऱ्याबद्दल नाही. दुकानाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण माझ्या बाबतीत जे झाले ते त्या गल्लीतील प्रचलित व्यवहाराचाच भाग आहे आणि एकाच दुकानदाराला त्यासाठी वेगळे काढणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रथम जागेविषयी. शुक्रवारी इथली पक्की दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. त्या गर्दीत, अपुऱ्या उजेडात घड्याळ पारखणे शक्य नाही, म्हणून घड्याळासाठी इतर वारी सकाळी अकराच्या सुमारास जावे. मी गेलो त्या दुकानात काचेच्या पेटीत सत्तर-ऐंशी घड्याळे मांडलेली होती आणि मालक चाचा कोणतेही घड्याळ हातात घेऊ देत होते, मागचे झाकण उघडून दाखवा म्हटल्यावर तेही विनातक्रार उघडत होते. ही या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. झाकण उघडायला नकार देणाऱ्या दुकानातून किल्लीचे घड्याळ कधीही घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो.

'जनता'ची निवड सोपी गेली. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूमध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या मनगटावर तीच घड्याळे दिसत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तोवर ही घड्याळे एवढ्या मोठ्या संख्येने बनली होती की चांगल्या स्थितीतील नग अजून सापडतो. मी घेतलेल्या घड्याळाची तबकडी कडेने थोडी पिवळसर पडलेली आहे, काचेवर ओरखडे आहेत, मशीनवर एचएमटीचे नाव आणि १७ ज्वेल (चाकांचे आस ज्यांत फिरतात ते बारीक कृत्रिम माणिक) असल्याची नोंद आहे, आणि कानाशी धरल्यावर सेकंदाला पाच ठोके नीट ऐकू येतात. जुन्या किल्लीच्या घड्याळांचा वेग सामान्यतः तासाला १८,००० ठोके इतका असतो. सेकंदाला एकच ठोका पडत असेल, तर जुन्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, कोणीतरी बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झचे मशीन बसवलेले आहे असे बहुतेक वेळा समजावे.

'सी किंग'च्या बाबतीत मी स्वतःच्या मनापुढे हरलो. माझ्या वडिलांना लग्नात आजोबांनी फेवर ल्युबा दिले होते आणि ते घड्याळ पुढे हरवले. त्यामुळे पेटीत ते नाव दिसताच माझी परीक्षक नजर सैल झाली. या स्विस कंपनीचा इतिहास १७३७ पर्यंत मागे जातो आणि एकोणिसाव्या शतकातच तिने भारतात व्यापार सुरू केला होता, म्हणून मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतून ही घड्याळे आजही निघतात. मी पाहिलेल्या नगाची तबकडी गडद निळी, आरशासारखी गुळगुळीत आणि एकही डाग नसलेली होती. "साहब, मशीन ओरिजिनल है," असे चाचांनी सांगितले आणि झाकण उघडून दाखवलेही. मशीनवर कंपनीचे नाव कोरलेले होते. मी पैसे दिले. तबकडीविषयी मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

आठवड्याभराने गिरगावातील एका वयस्क कारागिरांकडे मी ते सर्व्हिसिंगला दिले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून तबकडी पाहिली आणि मलाही पाहायला दिली. साध्या डोळ्यांना सुबक दिसणारी अक्षरे भिंगाखाली कडेने पसरलेली होती, शाई जणू ओल्या कागदावर टेकवली असावी तशी. मिनिटांच्या बारीक रेघा बारा वाजण्याच्या खुणेपाशी ठळक आणि आठच्या पुढे फिकट होत गेलेल्या होत्या. तासांच्या धातूच्या उभ्या पट्ट्यांच्या बाजूंवर निळ्या रंगाचे बारीक कण होते, म्हणजे पट्ट्या जागेवर असतानाच वरून रंग फवारला गेला होता. सहाच्या खुणेखाली 'स्विस मेड' हे शब्द असायला हवेत तिथे काहीच नव्हते. कारखान्यात मूळ तबकडीवर छपाई होते तेव्हा प्रत्येक अक्षराला धारदार कड असते आणि शाईचा थर किंचित उठून दिसतो. हा फरक एकदा भिंगातून पाहिला की तो डोळ्यांत बसतो. शेवटी कारागिरांनी तबकडी सोडवून उलटी केली, तेव्हा मागच्या बाजूला तिला धरणाऱ्या दोन बारीक पायांपैकी एक कापलेला आढळला आणि त्याच्या जागी चिकटपट्टी होती. तबकडी कदाचित या घड्याळाची नव्हतीच.

मशीन मात्र अस्सल फेवर ल्युबाचेच निघाले, आणि सर्व्हिसिंगनंतर ते दिवसाला अर्ध्या मिनिटाहून कमी फरकाने चालते. या कारागिरांच्या सेवेबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे : त्यांनी ९०० रुपये घेतले, प्रत्येक भाग माझ्यासमोर काढून दाखवला, आणि "तबकडी पुन्हा रंगवू नका, आहे तशी राहू द्या," असा सल्ला दिला, ज्यात त्यांचा स्वतःचा कोणताही फायदा नव्हता.

अशा पुन्हा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचे नाव असे वापरले जाते याचे मला वाईट वाटते. तरीही त्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत असे मला वाटते. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेने तबकड्या काळवंडत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयातीवर निर्बंध होते आणि परदेशी कंपनीचा सुटा भाग मिळणे कठीण होते. घड्याळ ही घरातील मोलाची वस्तू होती, ती टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मालक स्वतःहून दुकानात जाऊन तबकडी रंगवून घेत. ती प्रामाणिक दुरुस्ती होती आणि ती करणाऱ्या हातांमध्ये मोठे कसब होते. फसवणूक सुरू होते ती पुढच्या टप्प्यावर, जेव्हा तेच घड्याळ नारिंगी किंवा मोरपिशी अशा कंपनीने कधी न काढलेल्या रंगात नटवून, मूळ अवस्थेतील दुर्मीळ नग म्हणून विकले जाते. त्यामुळे मी दुकानदाराला आता एवढेच विचारतो : यातले मूळ काय आहे आणि नंतर काय केले आहे?

हा प्रश्न स्वस्त घड्याळांपुरता नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचे एक जुने 'स्पीडमास्टर' ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेले आणि ते खुद्द ओमेगानेच आपल्या संग्रहासाठी घेतले होते. २०२३ मध्ये असे उघड झाले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेले होते, आणि त्या प्रकरणात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने सांगितले. भाग अस्सल असूनही घड्याळ अस्सल नसते, हे इतक्या मोठ्या किमतीला सिद्ध झालेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

त्याच पेटीत एक एचएमटी 'पायलट' होते, काळ्या तबकडीचे. त्याचे आकडे दुकानातील बल्बच्या उजेडानंतर हिरवे लखलखत होते, आणि मी ते तेवढ्याच कारणाने घेतले नाही. आपण सगळेच अशा काट्यांना 'रेडियमचे काटे' म्हणतो. पण जुन्या रेडियमच्या रंगातील चमकणारे द्रव्यच कालांतराने जळून जाते, आणि त्यानंतर आलेल्या ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, जेमतेम १२ वर्षे आहे. स्विस तबकडीवर 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' हे अक्षर असेल तर तो ट्रिटियमचा रंग असतो. अशा, चाळीस-पन्नास वर्षे जुन्या तबकडीने आज अंधारात लख्ख चमकू नये. चमकत असेल तर रंग नवा आहे.

घड्याळांशेजारीच पितळी होकायंत्रे, दुर्बिणी, सेक्स्टंट (जहाजावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याचे उपकरण) आणि कर्ण्याचे ग्रामोफोन मांडलेले होते. होकायंत्रांवर लंडनच्या निर्मात्यांची नावे आणि एकोणिसाव्या शतकातील साले कोरलेली होती. या प्रकारचा पितळी माल उत्तराखंडातील रुडकीत आजही बनतो, तिथे सर्वेक्षणाची उपकरणे बनवण्याची जुनी परंपरा आहे. एका '१८८५'च्या होकायंत्राच्या तळाशी फुलीच्या खाचेचे स्क्रू होते. तसे स्क्रू १९३०च्या दशकानंतरच प्रचारात आले. शिवाय काळेपणा सगळीकडे सारखा होता. खऱ्या वापरातल्या वस्तूवर जिथे बोट टेकते तिथे धातू उजळतो आणि खाचेत मळ साठतो, सारखा काळेपणा बाटलीतल्या रसायनाचा असतो. ग्रामोफोनची गोष्ट तशीच : चकचकीत पातळ पत्र्याचा पितळी कर्णा, अष्टकोनी नवी लाकडी पेटी, तिच्यावर कुत्र्याचे चिन्ह असलेली पट्टी, आणि आत बहुधा जुन्या पेटीवजा पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेले मशीन. इथे मात्र चाचांनी मी विचारण्याआधीच "ये नया माल है, शो का है" असे सांगितले. पितळेच्या बाबतीत इतके सरळ असलेले दुकान घड्याळाच्या तबकडीबाबत गप्प राहिले, ही माझी खरी तक्रार आहे.

खरोखर जुन्या वस्तूंच्या खरेदीबाबत एक गोष्ट विशेषतः परदेशातून सुटीवर येणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र किंवा कलाकुसरीची वस्तू, तसेच ७५ वर्षांहून जुने आणि महत्त्वाचे हस्तलिखित, खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही; पुरावशेषांच्या विक्रेत्यालाही परवाना लागतो. "दोनशे वर्षांपूर्वीची देव्हाऱ्यातली मूर्ती, खुशाल घेऊन जा," असे कोणी सांगत असेल, तर दोनच शक्यता उरतात : मूर्ती नवी आहे, किंवा विक्रेता तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. वस्तू जुनी दिसत असली पण पुरावशेष नसली, तर तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येते, आणि विमानतळावरचा मनस्ताप टाळण्यासाठी ते आधीच घ्यावे.

तिसऱ्या खेपेला मी 'सी किंग' घेऊन परत गेलो. भांडण करायचे नव्हते. मी तबकडी आणि कारागिरांनी दाखवलेल्या खुणा चाचांसमोर ठेवल्या. त्यांनी भिंग न मागताच मान्य केले की तबकडी रंगवलेली आहे, आणि इतक्या वर्षांत कोणी गिऱ्हाईक हे विचारत नाही, फक्त चमक बघते, असे म्हणाले. घड्याळ परत घेऊन पूर्ण पैसे द्यायची त्यांची तयारी होती. मी मशीनसाठी ते ठेवून घेतले आणि त्यांनी १,५०० रुपये परत केले, म्हणजे ३,००० रुपये पडले. नव्या तबकडीच्या, चालू स्थितीतील फेवर ल्युबाला ही किंमत मला योग्य वाटते. जुन्या बिलावर त्यांनी माझ्या विनंतीवरून स्वतःच्या हाताने लिहून दिले : मशीन ओरिजिनल, डायल रिपेंट. त्या दुकानातून मी एचएमटी पुन्हा घेईन. स्विस घड्याळ घ्यायचे झाले तर पैसे देण्याआधीच या दोन ओळी बिलावर लिहून घेईन.