वाईचा जुना एक इंची नकाशा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ जी/१३ हा जुना स्थलनिर्देशक नकाशा मी पुण्यातील एका विक्रेत्याकडून घेतला, त्याला आता आठ महिने झाले. वाई, पाचगणी आणि त्यांच्या भोवतीचा डोंगराळ मुलूख त्यात येतो. प्रमाण एका इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विभाग मेट्रिक प्रमाणाकडे वळला, त्याआधीची ही पद्धत.

माझ्यासाठी त्याचे सर्वांत मोठे मोल धोम जलाशयाच्या जागी आहे. आज जिथे पाणी दिसते तिथे या नकाशात कृष्णेचे मूळ पात्र, तिला मिळणारे ओढे आणि काठाने जाणाऱ्या वाटा स्पष्ट दिसतात. १:५०,००० चा नवा नकाशा ७९ टक्क्यांवर छापून घेतला की दोन्हींचे प्रमाण जुळते. त्यावरून ट्रेसिंग कागदावर जलाशयाची कड उतरवून मी तो कागद जुन्या नकाशावर ठेवला, तेव्हा कोणती शेतवाट कुठे पाण्याखाली जाते हे प्रथमच नेमके समजले. भरल्या जलाशयाची कड ही एक समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा असते, त्यामुळे ती जुन्या नकाशातील तपकिरी समोच्च रेषांना किती समांतर धावते यावरून आपली जुळणी बरोबर झाली की नाही, हेही पडताळता येते. उंची मात्र फुटांत आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

पसरणी घाटाच्या आसपास चालताना नकाशातील पायवाटांवर मी विसंबत नाही, कारण काही वाटा झाडीत पूर्ण हरवल्या आहेत. पण सोंडा आणि घळी आजही तंतोतंत जुळतात.

एक त्रुटी विक्रेत्याने सांगितली नव्हती. नकाशा तुकडे कापून कापडावर चिकटवलेला आहे, आणि दोन तुकड्यांमध्ये घडीसाठी सुमारे दोन मिलिमीटरची फट सोडली आहे. पट्टीने अंतर मोजताना अशा प्रत्येक फटीमागे जवळपास सव्वाशे मीटर जास्त भरतात, म्हणून मी आता प्रत्येक तुकड्यावरचे अंतर वेगळे मोजून बेरीज करतो. घडी घातल्याने कागद फाटत नाही, हा त्याच कापडाचा फायदा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो.

वाईकर ज्याच्याकडे हमखास बोट दाखवतील तो मांढरदेवचा डोंगरमाथा मात्र वरच्या कडेबाहेर, ४७ एफ/१६ मध्ये जातो. उत्तरेकडे चालायचे असेल तर तो नकाशाही सोबतच घ्यावा.