पुठ्ठ्याचा वर्णपटदर्शक : स्वस्त, पण माहितीपत्रक अपुरे

घडी घालून जोडायचा पुठ्ठ्याचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवणारी नळी, सध्या विज्ञानसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइनही दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एका टोकाला अरुंद फट, दुसऱ्या टोकाला मिलिमीटरला 500 रेघा असलेली पारदर्शक फिल्म आणि आत छापील मोजपट्टी, एवढाच काय तो पसारा. पुठ्ठा जाड असून आतून काळा आहे, त्यामुळे बाहेरचा उजेड फारसा आत शिरत नाही. कडांना मात्र काळी चिकटपट्टी लावून घ्यावी. हे साधन थेट सूर्याकडे कधीही रोखायचे नाही. निरभ्र आकाशाकडे किंवा उन्हात न्हालेल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखले की काम भागते.

प्रथमदर्शनी दिसतो तो नेहमीचा सप्तरंगी पट्टा. नजर स्थिरावली की त्यात उभ्या, बारीक काळ्या रेषा उमटू लागतात. एखादे मूलद्रव्य ज्या तरंगलांबीचा, म्हणजे ज्या नेमक्या रंगछटेचा, प्रकाश गिळते तिथे अशी रेषा दिसते; तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. निळसर हिरव्या भागात 486 नॅनोमीटरला हायड्रोजनची, हिरव्यात 517च्या आसपास मॅग्नेशियमची आणि पिवळ्यात 589ला सोडियमची. सोडियमच्या प्रत्यक्षात दोन रेषा आहेत, पण त्या वेगळ्या दिसाव्यात एवढी या फटीची कुवत नाही. जर्मनीत योझेफ फ्राउनहोफरने 1814 साली अशा पाचशेहून अधिक रेषा नोंदवल्या आणि ठळक रेषांना ए, बी, सी अशी अक्षरे दिली. संचासोबतचे माहितीपत्रक तीच अक्षरे छापते आणि खाली लिहिते की या सर्व रेषा सूर्यातील मूलद्रव्यांच्या आहेत. माझी मुख्य तक्रार इथेच आहे, कारण तांबड्या टोकाच्या ए आणि बी या रेषा सूर्याच्या नाहीतच. त्या आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या आहेत.

सूर्यापासून निघालेला प्रकाश सुमारे 14 कोटी 96 लाख किलोमीटरचे अंतर 8 मिनिटे 20 सेकंदांत कापतो, आणि एवढ्या वाटेत त्याच्या रंगांत म्हणावा असा फरक पडत नाही. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तो फक्त पसरत जातो. वातावरणाच्या वर दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट एवढी त्याची ताकद उरते. खरी काटछाट होते ती अखेरच्या काही किलोमीटरांत. हवेचे रेणू जांभळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे नऊपट विखुरतात, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ ठरावीक तरंगलांब्या गिळतात, आणि सूर्य जसा कलतो तशी प्रकाशाची हवेतली वाट लांबते : सूर्य डोक्यावर असतानाच्या तुलनेत क्षितिजापासून 30 अंश उंचीवर दुप्पट, 10 अंशांवर साडेपाचपट आणि क्षितिजाला टेकताना जवळजवळ 38 पट.

हा फरक या पुठ्ठ्याच्या नळीतून दिसतो, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते यासाठीच. दुपारी भिंतीवरचे ऊन पाहावे आणि मावळतीच्या आधी तीच भिंत पुन्हा पाहावी. जांभळे टोक खचलेले असते, सोडियमची रेषा होती तशीच राहते, पण 687 नॅनोमीटरची बी रेषा, जी दुपारी शोधावी लागत होती, ती आता गडद होते. ज्यूल जान्सन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने हीच गोष्ट सूर्याशिवाय पडताळली होती. आयफेल टॉवर उभा राहिला त्या 1889 सालीच त्याने टॉवरवरचा विजेचा दिवा सुमारे आठ किलोमीटर दूर म्यूदाँ येथून पाहिला, तर दिव्याच्या प्रकाशातही ऑक्सिजनच्या रेषा उमटल्या. त्याआधी 1868च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी हाच जान्सन आंध्रातल्या गुंटूरला येऊन गेला होता. अशी एखादी ओळ माहितीपत्रकात असती, तर मुलांनी संध्याकाळचे निरीक्षण आपणहून केले असते.

आपल्याकडे मेअखेरीस हवा दमट झाली की सोडियमच्या रेषेलगत तांबड्या बाजूला धूसर सावली दिसू शकते. ती पाण्याच्या वाफेची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये तिच्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची टूम निघाली होती आणि खिशात मावणारे वर्णपटदर्शक त्यासाठी विकलेही जात. अंदाजासाठी ही खूण भरवशाची नाही, पण पाहण्याजोगी नक्कीच आहे.

उणिवा आणखी दोन. मोजपट्टी माझ्या संचात पाच-सहा नॅनोमीटरने सरकलेली होती. जुन्या सीएफएल दिव्यातली पाऱ्याची हिरवी रेषा 546ला येते. तिच्याशी ताडून पट्टी पुन्हा चिकटवावी. फट कमी-जास्त करता येत नाही, ही अडचण अधिक मोठी : आहे त्या रुंदीत ठळक रेषा दिसतात, नाजूक रेषा पुसट होतात. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर लावून फट अरुंद केली, तर चित्र बरेच सुधारते, पण ते काम मोठ्यांनीच करावे. फिल्मला बोट लावू नये. डाग पुसताना ती ओरखडते.

आठवीपासून पुढच्या मुलांसाठी हा संच जरूर घ्यावा. फट सरकवता येणारा प्रकार थोड्या जास्त किमतीत मिळत असेल, तर तोच घ्यावा.