जावाचा डेटटाइमफॉर्मॅटर: मराठी तारखांच्या कसोटीवर

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आठव्या आवृत्तीबरोबर २०१४ साली तारीख-वेळेचे नवे पॅकेज प्रमाणित लायब्ररीत आले. मराठी वाचकांसाठी पावत्या, नोटिसा किंवा दाखले तयार करणाऱ्या प्रणालीत त्यातला डेटटाइमफॉर्मॅटर, म्हणजे तारखेला लिखित रूप देणारा घटक, अवश्य वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हेच काम करणारा जुना सिंपलडेटफॉर्मॅट अनेक थ्रेडनी (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी वापरला की भलत्याच तारखा देऊ शकतो. नवा फॉर्मॅटर एकदा तयार झाल्यावर बदलतच नसल्याने ती भीती उरत नाही.

लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, मराठी ठेवून पूर्ण शैली मागितली की ‘गुरुवार’, ‘ऑगस्ट’ ही नावे शुद्धलेखनासह बिनचूक मिळतात. ती युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंचातून येतात आणि २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून जावाचा मूळ आधार तोच आहे. खटकते ते अंकांच्या बाबतीत. फॉर्मॅटरला लोकेल देणारी विथलोकेल ही मेथड अंकांना हातच लावत नाही, त्यामुळे महिना मराठीत आणि आकडे इंग्रजीत अशी धेडगुजरी तारीख छापली जाते. सरळ ‘१५ ऑगस्ट, २०२४’ हवे असेल, तर लोकेलला देवनागरी अंकांचे एक्स्टेन्शन जोडून दहाव्या आवृत्तीत आलेली लोकलाइज्डबाय ही मेथड वापरावी लागते, नाहीतर डेसिमलस्टाइल, म्हणजे अंकांची शैली, वेगळी द्यावी लागते. मराठीचे स्वाभाविक अंक देवनागरीच असल्याची नोंद सीएलडीआरमध्ये असताना हा जादा खटाटोप प्रोग्रामरच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

पॅटर्न, म्हणजे तारखेचा साचा, हाताने लिहिताना वर्षासाठी कॅपिटल वाय कटाक्षाने टाळावा. त्याचा अर्थ आठवड्यावर आधारलेले वर्ष असा होतो आणि भारताच्या लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होत असल्याने १ जानेवारीच्याच आठवड्यात पडणारी २९ डिसेंबर २०२४ ही तारीख थेट २०२५ सालात जाऊन बसते. कंपायलर याबद्दल अवाक्षरही काढत नाही, आणि वर्षभर बरोबर चाललेला कोड नेमका डिसेंबरअखेरीस फसतो.

लोकेलनुसार तयार झालेला मजकूर पुन्हा तारीख म्हणून वाचण्याच्या भरवशावर मात्र राहू नये. विसाव्या आवृत्तीने सीएलडीआर ४२ स्वीकारल्यावर अमेरिकन इंग्रजी वेळेतील एएम-पीएमच्या आधीची साधी स्पेस जाऊन तिथे न तुटणारी अरुंद स्पेस आली. डोळ्यांना फरक जाणवत नव्हता, पण जुना मजकूर वाचणारे प्रोग्राम अडखळू लागले. म्हणून डेटाबेसमध्ये आणि दोन प्रणालींमधल्या देवाणघेवाणीत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातली (2024-08-15 अशी) तारीखच ठेवावी, आणि मराठी रूप फक्त पडद्यावर किंवा कागदावर उमटवताना तयार करावे.