सीपी३ (अ‍ॅक्च्युरियल परीक्षेतला कम्युनिकेशनचा पेपर) पास होऊन काही महिने झाले, कामात खरंच उपयोग होतो का?

अ‍ॅक्च्युरियलच्या, म्हणजे विमा-पेन्शनसारख्या पुढच्या देण्यांचा हिशोब करणाऱ्या तज्ज्ञांच्या परीक्षेचे पेपर देणाऱ्यांत हा वाद कायम चालू असतो की एवढी वर्षं गणित, स्टॅट्स, मॉडेलिंग केल्यावर कम्युनिकेशनचा वेगळा पेपर कशाला. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून तो सीपी३ नावाने आहे, त्याआधी सीए३ होता. मी ग्रॅच्युइटी व्हॅल्युएशनच्या, म्हणजे कंपनीला कर्मचाऱ्यांना पुढे द्याव्या लागणाऱ्या ग्रॅच्युइटीची आजची किंमत काढायच्या कामात आहे आणि पास झाल्यावर मार्च एंडचा अख्खा सीझन काढलाय, त्यावरून सांगतो, हा पेपर पाहिजेच.

एकच उदाहरण देतो. मार्च २०२४ ला दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर सात टक्क्यांच्या जरा वर होता, मार्च २०२५ ला साडेसहाच्या जवळ आला. आपला डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या देण्याची आजची किंमत काढायचा व्याजदर, तिथूनच येतो, तो घटल्यामुळे लायबिलिटी (कंपनीचं देणं) वाढली. रिपोर्ट गेला की अकाउंट्सवाल्यांचा फोन ठरलेला, माणसं तेवढीच, पगारवाढही नेहमीसारखीच, मग देणं एवढं वाढलं कसं? आता तिथे ‘फायनान्शियल अझम्प्शन बदलल्यामुळे अ‍ॅक्च्युरियल लॉस’ म्हटलं तर समोरचा अजूनच वैतागतो, त्याला वाटतं कुठेतरी खरंच पैसे बुडाले. मी लिहितो, ‘पुढे कर्मचाऱ्यांना द्यायची रक्कम तीच आहे, पण आज बाजूला ठेवलेल्या पैशावर व्याज कमी मिळणार, म्हणून आज जास्त ठेवावे लागतात.’ संपला विषय. वाचणाऱ्याला आधीच काय माहीत आहे, कुठला आकडा त्याच्या कामाचा, कुठला गाळायचा, ही सवय मला सीपी३ च्या तयारीनेच लावली, सीएम१ या गणिताच्या पेपरात प्रेझेंट व्हॅल्यू (पुढच्या रकमेची आजची किंमत) कितीही घोटवली तरी हे कोणी शिकवत नाही.

पण एक गोष्ट मनापासून खटकते. ही परीक्षा घेणाऱ्या ब्रिटनच्या संस्थेच्या जुन्या सीए३ मध्ये लिहिण्याबरोबर स्लाइड बनवून प्रेझेंटेशनही द्यावं लागायचं, सीपी३ मध्ये फक्त लेखी राहिलंय. आणि खरी कसोटी तर बोलतानाच लागते ना, चाकणच्या कारखान्यातले एचआरवाले साहेब फोनवर मराठीतच विचारणार आणि मध्येच तोडून विचारणार, ‘ते राहू द्या, यंदा ग्रॅच्युइटीच्या ट्रस्टमध्ये किती भरायचे तेवढं सांगा.’ तिथे सुबक इंग्रजी पत्र काय कामाचं?

त्यामुळे पेपर काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही, उलट तोंडी भाग परत आणा, दहा मिनिटं का होईना, आणि समोर अ‍ॅक्च्युअरी नसलेला माणूस बसवा प्रश्न विचारायला.