स्वतःवर काम सुरू करायला घेतलेली गाइडेड डायरी: पुढची पानं सोडा, मागची वापरा

स्वतःमध्ये काहीतरी सुधारणा करायचीय पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, अशा लोकांसाठी त्या तीन महिन्यांच्या गाइडेड डायऱ्या मिळतात ना, जाड कव्हर, आत प्रश्न छापलेले, चौकटी आखलेल्या, त्यातलीच एक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वापरली, हा रिव्ह्यू तिचा. ब्रँडचं नाव घेत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि तसंही या डायऱ्या आतून थोड्याफार फरकाने सारख्याच असतात, कव्हरचा रंग आणि वरचा सुविचार तेवढा बदलतो.

आधी वस्तू म्हणून कशी आहे ते. ए-फाइव्ह साइज, बॅगेत मावते. तारखा छापलेल्या नाहीत आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट, कारण छापील तारखांची डायरी असली की चार दिवस गॅप पडला तर ती कोरी पानं बघूनच माणसाचा मूड जातो आणि डायरी कपाटात जाते ती जातेच. इथे सुटलं तर सुटलं, पुढच्या पानावर आजची तारीख टाकायची आणि सुरू. कागद पातळ आहे, जेल पेन मागे उमटतं, बॉलपेनच वापरा. बाइंडिंग मात्र अगदीच वाईट, डायरी सपाट उघडी राहत नाही, डाव्या पानावर लिहायचं तर एका हाताने उजवी बाजू दाबून धरावी लागते. रोज लिहायची वस्तू बनवताना हे कोणाच्या लक्षात कसं येत नाही देव जाणे.

आता आतला माल. पहिला भाग 'स्वतःला ओळखा' टाइप. सुरुवातीला ते प्रसिद्ध चाक आहे, आयुष्याचे आठ भाग, आरोग्य, पैसा, काम, नाती वगैरे, आणि प्रत्येकाला १ ते १० मार्क द्यायचे. इथपर्यंत ठीक, कागदावर मार्क मांडले की आपण कुठे सारखं 'बघू नंतर' करतोय ते दिसतं. पण पान उलटलं की आठही भागांसाठी वेगवेगळी ध्येयं लिहायला सांगतात! म्हणजे ज्या माणसाला एक गोष्ट धड सुरू करता येत नाहीये त्याला एकदम आठ आघाड्यांवर लढायला पाठवायचं. नवीन असाल तर चाक भरा, त्यातला एकच भाग निवडा आणि सरळ पुढे जा. तो एक भाग सगळ्यात कमी मार्कांचाच असावा असंही काही नाही, बरेचदा सगळ्यात कमी मार्कांच्या ठिकाणी गुंता इतका असतो की पहिल्याच आठवड्यात दमछाक होते. जिथे उद्या सकाळी काहीतरी करणं आपल्या हातात आहे तो भाग घ्या.

त्यानंतर 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल', 'तुमच्या जगण्याचा हेतू एका वाक्यात लिहा' अशी बरीच पानं आहेत. बहुतेक लोक इथेच अडकतात असा माझा अंदाज, कारण हेतू सापडेपर्यंत थांबायचं म्हटलं तर थांबायला छान कारणच मिळतं. ही पानं खुशाल कोरी सोडा, तीन महिन्यांनी भरावीशी वाटली तर भरा.

मग येतो २१ दिवसांचा तक्ता, वर ठळक अक्षरात '२१ दिवसांत सवय लागते'. हे सगळीकडे इतकं छापून येतं की खरंच वाटतं, पण त्याचं मूळ बघा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. कुठे चेहरा अंगवळणी पडणं आणि कुठे रोज पहाटे उठून पळायला जाणं. त्यातलं 'कमीत कमी' पण वाटेत कुठेतरी गळून पडलं. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी गोष्ट निवडायला लावून १२ आठवडे पाहिलं, तेव्हा ती आपोआप घडायला लागायचा काळ निघाला सरासरी ६६ दिवसांच्या आसपास, आणि माणसामाणसात फरक तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही, तक्ताच चुकीचा आहे. त्याच अभ्यासात अजून एक कामाची गोष्ट दिसली, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. आणि आमच्या या डायरीत काय लिहिलंय, तर एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजा! या एका सूचनेसाठी मी एक स्टार कापला. नवीन माणसाला पळवून लावायचा यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

पण याच तक्त्याच्या कोपऱ्यात तीन बारीक चौकोन आहेत, कधी, कुठे, कशानंतर. डिझाइनमध्ये इतके दुर्लक्षित की आधी नजरेतच येत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या डायरीत सोनं आहे ते इथे. 'रोज वाचन करणार' असं लिहिलं तर ते रोज उद्यावर जातं. त्याऐवजी 'रात्री दात घासून झाले की पलंगाशेजारचं पुस्तक उघडून दोन पानं' असं लिहिलं की ठरवायचं काही उरतच नाही, दात घासले की पुस्तक. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं की 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच पक्कं केलं तर काम पार पडायची शक्यता वाढते, आणि २००६ मध्ये त्याने पॅस्कल शीरनबरोबर अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही परिणाम बऱ्यापैकी मोठा निघाला. दोन पानं म्हणजे फारच कमी वाटतात ना, तेवढीच ठेवा, वाढवायचा मोह पहिल्या महिन्यात आवरा.

रोजच्या पानावर सकाळी 'तीन गोष्टी ज्यांबद्दल मी कृतज्ञ आहे' असं असतंच. चांगलं आहे पण रोज रोज तेच तेच लिहून ते हजेरी लावल्यासारखं होतं. एमन्स आणि मॅककला या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ च्या गाजलेल्या प्रयोगांपैकी पहिल्यात तर लोक आठवड्यातून एकदाच लिहायचे, दहा आठवडे, आणि तरी त्यांना एकूण आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं होतं. मी पण आठवड्यावर आणलं, आणि मग लिहिताना खरंच काहीतरी आठवायला लागलं.

आता ज्याच्यासाठी ही डायरी घ्यावी ते मागचं साप्ताहिक पान. चारच प्रश्न, काय झालं, काय राहिलं, का राहिलं, पुढच्या आठवड्यात काय कमी करणार. तो शेवटचा प्रश्न बघून मला डायरी बनवणाऱ्याला भेटावंसं वाटलं (बाइंडिंगबद्दल पण बोलायचं होतं म्हणा). बाकी सगळे काय वाढवणार ते विचारतात. माझ्या पानांवर 'लवकर उठणे' सतत 'राहिलं'मध्ये होतं आणि 'का राहिलं'मध्ये दर आठवड्याला थोड्या वेगळ्या शब्दांत मोबाइलच, रात्री रील्स, व्हिडिओ, ग्रुपवरच्या गप्पा. रोजच्या पानांवर हे कधी दिसलं नसतं, चार आठवडे शेजारी ठेवल्यावर दिसलं, मग 'काय कमी करणार' समोर चार्जर दुसऱ्या खोलीत असं लिहिलं आणि पहाटेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला. लिहून लक्ष ठेवल्याने फायदा होतो याला पण आधार आहे, २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रगतीवर नजर ठेवणाऱ्यांची ध्येयं जास्त पूर्ण झाली आणि ती नोंद कुठेतरी लिहिलेली असेल तर परिणाम आणखी मोठा. आणि हे काही नवं खूळ नाही, बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात १३ गुणांची वही केली होती, सात दिवसांचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका, दर आठवड्याला एकाच गुणावर मुख्य लक्ष, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. त्याला जमला नाही तर आपण कशाला टेन्शन घ्या.

कव्हरच्या आत एक क्यूआर कोड आहे, 'मोफत मार्गदर्शन' म्हणून. स्कॅन केला तर दोन-तीन व्हिडिओ आणि मग कोर्स घ्या, कोर्स घ्या. मेल आयडी देऊ नका, नंतर मेल थांबवताना नाकी नऊ येतात.

ज्यांना आधीच टू-डू लिस्ट, कॅलेंडर नीट वापरता येतं त्यांना यात नवीन फार काही नाही. अॅप की डायरी म्हणाल तर नोटिफिकेशनने ज्यांचं लक्ष उडतं त्यांनी कागदच घ्यावा, बाकी काहीही चालेल. आणि खूप दिवस झोपच लागत नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर ही डायरी त्यासाठी नाहीये, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला आधी भेटा, उगाच चौकटी भरत बसू नका.

माझ्याकडून पाचपैकी तीन. विकत घ्यायची नसेल तर साध्या वहीत दर रविवारी ते चार प्रश्न लिहा आणि कव्हरच्या आत कधी, कुठे, कशानंतर एवढं आखून घ्या, काम तेवढंच होतं. घेतली असेल तर साप्ताहिक पानाची एक कोरी झेरॉक्स आधीच काढून ठेवा, कारण ही पानं फक्त १२ दिलीत आणि तुमच्या सवयीला ८४ च्या वर दिवस लागले तर पुढे लिहायला जागाच उरत नाही.