बेप्पूतली वाफेची चूल: कान्नावातल्या स्वस्त मुक्कामाबद्दल

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळजवळचं. गरम पाण्याच्या कुंडाचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. आजीचे गुडघे धरले की आम्ही तिला कुंडावर न्यायचो. म्हणून जपानचं ठरलं तेव्हाच ताईला सांगून टाकलं, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण बेप्पूला तीन रात्री राहायच्याच.

बेप्पू क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात. फुकुओका शहरातल्या हाकाता स्टेशनहून सोनिक एक्स्प्रेसने साधारण दोन तास. एवढ्याशा शहरात गरम पाण्याचे दोन हजारांहून जास्त झरे आहेत, जपानात इतके दुसरीकडे कुठे नाहीत. आम्ही उतरलो ते कान्नावा भागात. चढ-उताराच्या अरुंद गल्ल्या आणि घरामागून, गटारांच्या जाळ्यांतून, दगडी भिंतींच्या फटींतून सतत वर येणारी पांढरी वाफ. पहाटे तर पलीकडचं छप्परही दिसत नव्हतं.

मुक्काम होता एका जुन्या काशिमात. काशिमा म्हणजे भाड्याची खोली. पूर्वी शेतीची कामं उरकली की लोक तांदूळ, भाजी बांधून इथे यायचे, आठ-पंधरा दिवस राहायचे, पाण्यात अंग शेकायचे आणि स्वतःचं स्वतः रांधून खायचे. या राहण्याला तोजी म्हणतात. आजही या घरांत खोली, अंघोळ आणि स्वयंपाकघर मिळतं, जेवण आपलं आपण बघायचं. आम्हाला माणशी एका रात्रीचे ४,५०० येन पडले, म्हणजे साधारण अडीच हजार रुपये. जपानातल्या गरम पाण्याच्या बऱ्याच हॉटेलांत रात्रीच्या जेवणासकट राहायला याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात, आणि ते जेवण मासळीचं. भाजीतसुद्धा माशाचं पाणी असतं. शाकाहारी माणसाने ते पैसे कशाला भरायचे?

इथलं स्वयंपाकघर मात्र पैसे भरून बघावं असं आहे. मागच्या अंगणात कमरेएवढा दगडी ओटा, त्यात चौकोनी खळगे, त्यांवर जाड लाकडी झाकणं. बाजूची झडप फिरवली की जमिनीतली वाफ थेट खळग्यात येते. याला जिगोकु-गामा म्हणतात, नरकातली चूल. गॅस नाही, वीज नाही, दिवसरात्र चालू. बांबूच्या टोपलीत रताळी, मका, भोपळा, कोबी ठेवायचा, जाड हातमोजे घालून टोपली आत सोडायची आणि झाकण लावायचं. वाफेला किंचित खारटपणा असतो, त्यामुळे रताळ्याला वरून मीठ लागलंच नाही. दुपारी झाकणाच्या भांड्यात भात शिजवला आणि त्यावर घरून नेलेलं मेतकूट घेतलं. आठ दिवसांनी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. पिठी, गूळ आणि सुकं खोबरं ताईने चिपळूणहूनच आणलं होतं. उकड शेगडीवर काढली, मोदक वळले, हळदीच्या पानाऐवजी टोपलीत कोबीची पानं अंथरली. मी झाकण लावणार तेवढ्यात मालकीणबाई लगबगीने आल्या, हातानेच थांबा म्हणाल्या आणि मोदकांवर दुहेरी घडीचं सुती फडकं पसरलं. झाकणाला साचलेलं पाणी थेंब थेंब गळतं, त्याने पारी चिघळली असती. बारा मिनिटांनी काढले तर तुकतुकीत झालेले, आत गूळ आणि वरच्या पारीला खारट चव. नैवेद्य दाखवल्यावर दोन मोदक त्यांना दिले. त्यांनी आधी कळ्या मोजल्या, मग बोटं हलवून विचारलं, हे कसं करता? ताईने उरलेल्या उकडीची पारी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांच्या बोटांना धरून कळ्या घ्यायला शिकवल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

अंघोळीचं सांगते, कारण आपल्या बायकांना धास्ती तिचीच असते. बायकांची आणि पुरुषांची जागा पूर्ण वेगळी. अंगावर काहीही न ठेवता उतरायचं, त्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. ते जमणार नसेल तर आमच्याकडे आतून कडी लावता येईल अशी एक छोटी न्हाणीही होती, पाटी उलटी केली की ती तुमची. पाणी झऱ्यातून जवळजवळ उकळतं येतं. गार पाणी मिसळलं तर त्याचा कस जातो, म्हणून काही ठिकाणी ते बांबूच्या काटक्यांवरून ओघळू देऊन निववतात. खारं पाणी असल्याने अंगातली ऊब तासभर टिकते. ताईचे गुडघे तिसऱ्या दिवशी जिना चढताना दुखले नाहीत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या कडीकडे बघून मला आमच्या कोकणातली कुंडं आठवली. आरवलीचं हमरस्त्याला लागून, राजापूरचं उन्हाळे. पाणी आपल्याकडेही आहे. बाईमाणसाला निवांत अंघोळ करता येईल अशी कडी लागणारी स्वच्छ खोली सगळीकडे असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता उणिवा. ज्या संकेतस्थळावरून खोली घेतली त्यावर ‘स्टेशनजवळ’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात बेप्पू स्टेशनहून बसने वीस-पंचवीस मिनिटं लागली, तीही बॅगा सांभाळत. जिना उभा, लिफ्ट नाही, शौचालय सामायिक, भिंती इतक्या पातळ की शेजारच्या आजोबांचा खोकला ऐकू यायचा. गादी जमिनीवर, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी आधी लिहून तळमजल्याची खोली मागावी. कपडे खोलीत वाळत नाहीत. आणि चांदी काढून ठेवा: वाफेतल्या गंधकाने ताईची जोडवी दोन दिवसांत काळीठिक्कर पडली. घरी येऊन रांगोळीने घासली तेव्हा उजळली.

बघायला गेलात तर सातही ‘नरककुंडां’च्या, म्हणजे नुसत्या बघायच्या उकळत्या कुंडांच्या, मागे धावू नका. निळं उमी जिगोकु आणि तांबडं चिनोइके जिगोकु बघितलं तरी पुरे. त्यापेक्षा कान्नावातलंच मुशियु, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, गाठा. इप्पेन या भिक्षूने १२७६ साली सुरू केलं असं सांगतात. ओणवं होऊन छोट्या दारातून आत जायचं आणि तापलेल्या सेकिशो गवतावर आडवं व्हायचं. वेखंडाच्या कुळातलं गवत आहे ते, वास तसाच येतो.

आम्ही रोख पैसेच दिले, येन सुटे ठेवा. भाजी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि एक रात्र राहू नका, तीन राहा. पहिली रात्र बस शोधण्यातच जाते.